मयताला गाव लोटते, मरणाऱ्यापाशी कोण?

मृत्यूनंतरचे सारे काही आपण फार नेटके करतो. देवळाची घंटा वाजली की तासाभरात बातमी आळीआळीत पोहोचते. शवपेटी येते, बॅण्ड ठरतो, पुष्पचक्रांची रांग लागते, परगावचे आप्त गाड्या करून येतात. पुढे सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा आणि कबरीवर ग्रॅनाईट. मृताचा मान राखणारा समाज म्हणून आपल्याला स्वतःचा अभिमान वाटतो आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. माझे भांडण या सोहळ्याशी नाही. त्याआधीच्या तीन-चार महिन्यांशी आहे.

त्या महिन्यांत काय घडते? कर्करोग हाडांपर्यंत पोहोचलेला असतो. इस्पितळातून निरोप मिळतो, ‘आता घरी न्या आणि सेवा करा.’ सेवा म्हणजे नेमके काय, हे मात्र कोणी सांगत नाही. जखम कशी धुवावी, पाठीला व्रण पडू नयेत म्हणून कूस कितीदा बदलावी, रात्री दोन वाजता कळ उठली तर काय द्यावे, या प्रश्नांची उत्तरे त्या घराने स्वतःच शोधायची असतात. भार बहुधा एकाच बाईवर येतो. ती सून असते, मुलगी असते किंवा स्वतःच साठी ओलांडलेली पत्नी असते. तिची नोकरी सुटते, झोप सुटते, रविवारची मिस्साही सुटते. भेटायला येणारे मोसंबी आणतात, दहा मिनिटे बसतात आणि निघताना ‘देवाची इच्छा’ असे पुटपुटतात. देवाच्या इच्छेवर एवढे ओझे टाकून आपण किती हलके होऊन घरी परततो!

रोग बरा होणार नाही म्हणजे करण्यासारखे काही उरले नाही, ही समजूत जगाने कधीच टाकून दिली आहे. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या सिसिली सॉण्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्याची वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची भीती, घरच्यांची काळजी आणि आत्म्याची तळमळही मिसळलेली असते, हे त्यांनी वैद्यकशास्त्राला शिकवले. हा विचार आपल्या उंबरठ्यावरही केव्हाच आला आहे. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन स्थापन केले. भारतातले ते पहिले हॉस्पिस. माउंट मेरीच्या जत्रेला आपण पिढ्यान्‌पिढ्या जात आलो. त्याच वांद्र्यात मरणाऱ्यांची विनामूल्य शुश्रूषा करणारे हे घर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हे वाचून कोणी उत्साहाने म्हणेल, ‘मग आपणही एक हॉस्पिस बांधू या!’ या उत्साहाची मला धास्ती वाटते. बांधकाम म्हटले की आपल्या अंगात वारे संचारते. निधी, कोनशिला, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, उद्‌घाटन. सदने हवीत, याविषयी वाद नाही. ज्याच्या घरी करणारे कोणी नाही किंवा ज्याची वेदना घरी आवरत नाही, त्याला खाट मिळायलाच हवी. परंतु बहुतेक माणसांना आपल्याच घरी, आपल्याच खिडकीपाशी मरायचे असते. त्यांच्यासाठी इमारत नको, माणसे हवीत.

माणसे उभी राहू शकतात, हे केरळने दाखवून दिले. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम आरंभले. पुढे ते दवाखान्याबाहेर पडून वस्त्यांत गेले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी यांनी थोडे प्रशिक्षण घेतले आणि परिचारिकेसोबत ते शेजाऱ्यांच्या घरी जाऊ लागले. लोकांनी लहान लहान रकमा दिल्या. मशीद, मंदिर, चर्च असा भेद त्यात आड आला नाही. २००८ साली केरळ सरकारने यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. जे काम तिथल्या वस्त्यांना जमले, ते देऊळ, पॅरिश कौन्सिल, महिला मंडळ, युवक संघटना आणि लहान ख्रिस्ती समूह असलेल्या आपल्या धर्मग्रामांना का जमू नये?

जमत नाही, कारण आपल्या मनात तीन अडसर आहेत आणि तिन्हींना आपण धर्माचा मुलामा दिला आहे.

पहिला अडसर दुःखाच्या पावित्र्याचा. ‘हा त्याचा क्रूस आहे, त्याने तो वाहावा.’ आपला क्रूस कोणी स्वेच्छेने प्रभूला अर्पण करीत असेल, तर त्याच्यापुढे मी नतमस्तक आहे. परंतु दुसऱ्याच्या वेदनेचे अर्पण आपण परस्पर कसे करणार? ख्रिस्ताकडे आणलेल्या एकाही रुग्णाला त्याने ‘सोसत राहा’ म्हणून परत पाठवले नाही. आणि त्याचा स्वतःचा क्रूस वाहायलाही कुरेनेकर शिमोनाला पुढे करावे लागले. अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनचे नाव काढताच घरे दचकतात, व्यसन लागेल म्हणतात. जाणकार डॉक्टरच्या देखरेखीखाली वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते, आणि योग्य मात्रेने आयुष्यही तुटत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक परवान्यांमुळे हे औषध दुर्मीळ झाले होते. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी करण्यात आली. ज्या देशाच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, त्याच देशात माणसे वेदनेने किंचाळत मरावीत, याला क्रूस म्हणत नाहीत. याला हेळसांड म्हणतात.

दुसरा अडसर दयामरणाच्या भीतीचा. वेदना शमवणे म्हणजे मरणाला हात लावणे, असे पुष्कळांना वाटते. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना उत्तर दिले होते की, हेतू वेदनाशमनाचा असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर आयुष्य काहीसे घटण्याची शक्यता असली तरी असे औषध देता येते. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही हेच सांगतो. एवढेच नव्हे, मरणासन्नांच्या या शुश्रूषेला तो निःस्वार्थ प्रीतीचे विशेष रूप मानतो आणि तिला उत्तेजन द्यायला सांगतो. निष्फळ आणि जाचक उपचार थांबवणे म्हणजे ठार मारणे नव्हे, हेही त्यात स्पष्ट आहे. दयामरणाविरुद्ध निषेधाचे ठराव आपण अवश्य करावेत. मात्र ‘मला मारून टाका’ असे कोणी म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला म्हणायचे असते, ‘माझी कळ थांबवा आणि मला एकटे टाकू नका.’ ती कळ थांबवायला न जाणाऱ्याच्या ठरावाला काय किंमत आहे?

तिसरा अडसर मौनाचा. रुग्णाला सांगायचे नाही, हा आपला अलिखित नियम. फादर घरात आले तर तो घाबरेल, म्हणून शुद्ध हरपेपर्यंत त्यांना बोलवायचे नाही. रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले. तरी आपण तो मरणाचा दाखला असल्यासारखा लांबवतो. परिणामी माणसाला क्षमा मागायची राहते, जमिनीचा वाद मिटवायचा राहतो, रुसलेल्या भावाला बोलवायचे राहते. त्याला सत्य ठाऊक असते. घरच्यांना ते सोसेल की नाही या भीतीने तोही गप्प असतो. रोज रोझरीत पन्नास वेळा आपण मरणाच्या घटकेसाठी मातेची विनवणी करतो आणि ती घटका खरोखर आली की तिचे नावही घेत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामात दहा-बारा जणांचे पथक असावे. निवृत्त परिचारिका आपल्या समाजात उदंड आहेत. त्यांतली एक पुढे व्हावी. एका डॉक्टरने मार्गदर्शन करावे. हवेची गादी, चाकांची खुर्ची, कमोड एवढे सामान देवळाच्या एखाद्या खोलीत ठेवावे आणि लागेल त्याला द्यावे. मग ते घर कोणत्याही धर्माचे असो. आठवड्यातून दोन दुपारी कोणीतरी रुग्णापाशी बसावे, म्हणजे त्या सुनेला झोप मिळेल. दफन झाल्यावर मंडप उतरला की याच पथकाने त्या घरी पुन्हा जावे. सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद १८३३ पासून गरिबांच्या दारी जात आले आहेत. घरभेटीची परंपरा आपल्याला नवी नाही. आणि पैशांचे म्हणाल, तर एका मयतावर वाहिलेल्या पुष्पचक्रांच्या खर्चात हवेची गादी खुशाल येईल. फुले संध्याकाळपर्यंत सुकतात.

योहानाच्या शुभवर्तमानात येशूची आई क्रुसापाशी उभी आहे. तिने खिळे काढले नाहीत, ते तिच्या हाती नव्हते. पण ती निघूनही गेली नाही. आपल्या हाती तर तिच्याहून पुष्कळ आहे. औषध आहे, ज्ञान आहे, कायद्याची मुभा आहे, धर्माची आज्ञा आहे. पॅरिश कौन्सिलच्या येत्या सभेत सणाच्या मंडपाआधी हा विषय घ्यावा, आणि आपल्या हद्दीत आज कोण अंथरुणाला खिळून आहे, त्या नावांची यादी तिथेच करावी. यादी करता आली नाही, तर मयताला लोटणाऱ्या गर्दीचा अभिमान आपण सोडून द्यावा.