खेळाला मान्यता, खरेदीला वाली कोण?

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा संमत केला, तेव्हा सारी चर्चा बंदीभोवती फिरली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मज्जाव करणे हे मोठे पाऊल होते, यात शंका नाही. परंतु त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे संगणक वा मोबाइलवरील कौशल्याच्या स्पर्धांना, क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, ही बाब तुलनेने दुर्लक्षित राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये हा विषय केंद्रीय युवक व्यवहार व क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणण्यात आला होता. आता त्यावर संसदेची मोहोर उमटली.

या मान्यतेचा परिणाम मैदानाआधी घरखर्चाच्या वहीत दिसतो. ‘हाही खेळच आहे’ हे मुलाचे म्हणणे खोडून काढणे पालकांना आता अवघड झाले आहे, आणि खेळ म्हटला की साहित्य आलेच. दिल्लीचे नेहरू प्लेस असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट. मागणीची यादी सर्वत्र सारखीच असते. वेगवान मॉनिटर, हेडफोन, माऊस, कीबोर्ड आणि मोटारीच्या आसनासारखी दिसणारी खुर्ची. बेरीज केली तर मध्यमवर्गीय घरातील महिन्याचा पगार सहज संपावा. क्रिकेटची बॅट घेताना वडील ती हातात तोलून पाहू शकतात. येथे वडिलांना वस्तू कळत नाही, मुलाला पैशाचे मोल कळत नाही आणि खोक्यावरील आकडे दोघांनाही दिपवतात. या दिपण्यावरच हा बाजार उभा आहे.

या आकड्यांचा अर्थ समजून घेतला, तर बरीच झळाळी उतरते. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवतो, १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी. सुमारे १० मिलिसेकंदांचा हा फरक जलद नेमबाजीच्या खेळात जाणवू शकतो. तेथून पुढे २४० हर्ट्झवर गेल्यास हाती लागतात तीन मिलिसेकंदांहूनही कमी. आणि तेही संगणक सेकंदाला तितकी चित्रे तयार करू शकत असेल तरच. माऊसच्या खोक्यावर २० हजारांहून अधिक डीपीआय मिरवलेला असतो, पण स्पर्धेत उतरणारे बहुतेक खेळाडू ४०० ते १,६०० या पट्ट्यातच खेळतात.

काही उणिवा तर कोणत्याही वस्तूने भरून निघणाऱ्या नाहीत. खेळाचा सर्व्हर मुंबईत असेल, तर गुवाहाटीच्या खेळाडूचा संदेश सुमारे दोन हजार किलोमीटर जाऊन तितकेच परत येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो; म्हणजे केवळ प्रवासातच किमान २० मिलिसेकंद खर्ची पडतात. महागडा माऊस हे अंतर कमी करू शकत नाही. याउलट वाय-फायवर विसंबण्याऐवजी राउटरपासून संगणकापर्यंत लॅन केबल ओढणे काही शे रुपयांत होते आणि अडखळणारा खेळ त्याने अनेकदा सुधारतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रात्यक्षिक खेळ म्हणून झालेल्या ई-स्पोर्ट्समध्ये गुजरातच्या तीर्थ मेहता याने कांस्यपदक मिळवले, ते ‘हार्थस्टोन’ या आळीपाळीने पाने टाकण्याच्या खेळात. तेथे कस लागतो तो बुद्धीचा, पडद्याच्या वेगाचा नव्हे.

म्हणूनच खरेदीचा क्रम उलटा हवा. सुरुवात भिंतीवरच्या प्लगपासून करावी. अर्थिंग ठीक आहे का, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर किती भार पडणार, हे आधी पाहावे. ६०० व्हीएचा लहान यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो. खेळ सुरू असताना संगणक त्याहून अधिक वीज ओढत असेल, तर वीज जाताच यूपीएसही मान टाकणार. ४०० वॉट ओढणारा संगणक रोज चार तास चालला, तर महिन्याला ४८ युनिट वाढतात. खरेदीच्या दिवशी हा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. खुर्चीच्या बाबतीतही रंगांपेक्षा उंची जुळवता येते का, पाय जमिनीला टेकतात का आणि कमरेला आधार मिळतो का, हे महत्त्वाचे.

त्यानंतर कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित असतो. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या चार तासांवर येते. मार्च २०२५ मध्ये संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या साथीने खास व्हिडिओ गेम आणि ई-स्पोर्ट्ससाठी सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. मोडका माऊस बदलता येतो; गोंगाटाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. हेडफोन निवडताना ‘आवाज किती मोठा’ याऐवजी ‘बाहेरचा गोंगाट किती अडतो’ हे विचारणे शहाणपणाचे, कारण बाहेर शांतता असेल तर आवाज वाढवण्याची गरजच उरत नाही.

राहिला प्रश्न किमतीचा. सणासुदीच्या विक्रीत ‘शेवटचे दोन नग’ आणि उलटे धावणारे घड्याळ दाखवून ग्राहकाला घाई करायला लावले जाते. अशी खोटी निकड, न मागता टोपलीत घातलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर उगवणारे शुल्क, अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मनाई केली आहे. ‘शून्य टक्के व्याजाचा’ हप्ता ही संकल्पनाच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले होते. व्याज कोठेतरी दडलेलेच असते. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीचे श्रेय घेत कोणी २४ किंवा २७ इंची मॉनिटर स्वस्त झाल्याचे सांगत असेल, तर सावध राहावे. २८ वरून १८ टक्क्यांवर आला तो ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांवरील कर. त्याहून लहान मॉनिटर १ जानेवारी २०१९ पासूनच १८ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत.

ग्राहकाने सजग राहावे, हे सांगणे सोपे आहे. पण केवळ ग्राहकाच्या सजगतेवर बाजार सोडून देणे म्हणजे शासनाने हात झटकणे होय. वायरलेस कीबोर्डसारख्या अनेक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते; वस्तूवरील ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळून पाहता येतो. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असणे बंधनकारक आहे. ती नसेल तर माल आडवाटेने आला, असे समजावे आणि वॉरंटीची आशा सोडावी. या तरतुदी मोलाच्या आहेत. परंतु ब्युरोची ही नोंदणी सांगते ते इतकेच की, वस्तू सुरक्षित आहे. विजेचा धक्का बसणार नाही, आग लागणार नाही. मॉनिटरचा ‘एक मिलिसेकंद’ कोणत्या पद्धतीने मोजला, याबाबत ती मौन पाळते.

यावरचा उपाय देशाला परका नाही. वातानुकूलन यंत्र किंवा फ्रिज घेणारे कुटुंब आज ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ताऱ्यांची पट्टी पाहून निर्णय घेते. ती पट्टी येण्याआधी तेथेही विक्रेत्याचा शब्द हाच पुरावा होता. तशीच पट्टी गेमिंगच्या साहित्यावर का नसावी? एकाच पद्धतीने मोजलेला प्रतिसादाचा वेळ, कमाल आवाजाची पातळी, वॉरंटीची वर्षे आणि दुरुस्तीची सोय, एवढ्या चार ओळी पुरेशा आहेत. क्रीडा मंत्रालय, ग्राहक व्यवहार विभाग आणि मानक ब्युरो यांनी एकत्र बसून हे ठरवणे अवघड नाही.

एखाद्या उद्योगाला खेळाचा दर्जा मिळाला की त्याच्या बाजाराला प्रतिष्ठाही मिळते. ती शासनाने दिली आहे, तर त्या प्रतिष्ठेच्या आडून होणाऱ्या व्यवहाराची जबाबदारीही शासनाचीच. तोवर पालकांनी मुलाला नकार देण्याची घाई करू नये आणि होकार देण्याचीही नको. यादी हाती घ्यावी, मुलाला शेजारी बसवावे आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहावा: याने खेळ सुधारेल की फक्त खोली उजळेल? त्या उत्तरानंतर यादीत जे उरेल, ते विनासंकोच घ्यावे.