दहा मिनिटांचं प्रमाणपत्र

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणाऱ्यांशी, म्हणजे तो नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणाऱ्यांशी, माझं भांडण नाही. चिप त्यांची, वीजबिल त्यांचं. हौस खुशाल भागवावी. भांडण आहे ते सिनेबेंचची दहा मिनिटांची एक फेरी मारून ‘मशीन एकदम स्टेबल’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी. सिनेबेंच प्रोसेसरकडून एक चित्र तयार करून घेतं आणि वेग मोजतं. चित्र पुरं झालं की गुण देऊन मोकळं होतं. मधल्या हिशेबात चिपने कुठे माती खाल्ली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ते देणंघेणं आहे प्राइम९५ला, म्हणूनच मंडळी त्याच्या नावाने नाक मुरडतात. जॉर्ज वोल्टमनने १९९६ साली मर्सेन मूळसंख्या शोधायचा प्रकल्प सुरू केला, त्यातलं हे साधन. दिवसेंदिवस चालणाऱ्या गणितात एक बिट चुकला तरी सगळी मेहनत पाण्यात, म्हणून चूक पकडायची सोय त्यात आहे. आकडेमोड अपूर्णांकांत होते, पण उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यावंच लागतं. चिप अडखळली की पडद्यावर ओळ उमटते : राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी. उत्तर दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये लटकलंय. अलीकडचा धरायचा की पलीकडचा, पत्ता नाही. तेवढा एक वर्कर थांबतो, बाकीचे चालूच. ना निळा पडदा, ना रीस्टार्ट. माउस हलतोय, गाणं वाजतंय आणि यंत्र बिनदिक्कत चुकीची उत्तरं देतंय.

यावर ठरलेला बचाव : ‘एवढा लोड रोजच्या कामात येतो कुठे?’ नसेल येत. मग हलक्या लोडचं बोलू. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे वोल्टेज घटवायच्या सेटिंगमध्ये, सरसकट वजा तीस टाकून बसलेल्यांची मशीनं सगळे कोर राबत असताना तग धरतात, कारण तेव्हा क्लॉक खाली असतो. एकटा कोर पूर्ण बूस्टला गेला की वोल्टेज अपुरं पडतं आणि साधा ब्राउझर उघडताना सगळं कोसळतं. एकेक कोर सुटा तपासायचा, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या हार्डवेअर एरर वाचायच्या, हे कष्ट कोण घेणार? त्याचा स्क्रीनशॉट मिरवता येत नाही ना!

चिप बनवणाऱ्यांचीही इथे फजिती झाली आहे. २००० साली एएमडीशी चढाओढीत इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाजारात आणला. लिनक्स कर्नल कंपाइल करताना तो मान टाकतो हे समीक्षकांनी दाखवून दिलं आणि महिन्याभरात माल परत घ्यावा लागला. साक्षात इंटेलची ही गत, तिथे तुमच्या दहा मिनिटांची काय मातब्बरी?

सगळ्यात संताप येतो तो ‘ओव्हरक्लॉक्ड, टेस्टेड’ अशी चिठ्ठी डकवून मशीन विकणाऱ्यांचा. जानेवारीत, एसीखाली टेस्ट. गिऱ्हाईक मे महिन्यात नागपुरात. खोली दहा अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते, हे यांना ठाऊक नसतं असं नाही. पण गिऱ्हाइकाच्या हिशेबाच्या फायली बिघडणार, त्याच बिघडलेल्या बॅकअपमध्ये जाणार आणि शिव्या विंडोजला बसणार. यांचं काय जातंय?

चाचणी मशीनला नापास करू शकते. पास झालं याचा अर्थ एवढाच, की चूक अजून सापडलेली नाही. रात्रभर ती चालवायचा धीर नसेल, तर बायोसमध्ये जाऊन डिफॉल्ट लोड करा. पाच टक्के वेगावाचून कुणाचं अडलेलं नाही.