टोमणा नको, सोबत द्या

रमजान आला की आपल्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "चौदा तास सिगारेटशिवाय राहता ना? मग कायमची का सुटत नाही?" बोलणारी बहुधा बायको असते, नाहीतर अम्मी. ऐकणारा काही बोलत नाही. मगरिबची अजान होते, खजूर-पाणी होतं, नमाज होते आणि तो गुपचूप गल्लीच्या कोपऱ्यावरच्या टपरीकडे निघतो.

या वाक्यामागची काळजी खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. रोज्यात माणूस सिगारेटशिवाय राहतो, ते एकट्याच्या जिद्दीवर नाही. त्याची नियत पक्की असते. सगळं घर, सगळा मोहल्ला त्याच्यासोबत उपाशी असतो. चहाला कुणी हाक मारत नाही, कुणी पाकीट पुढे करत नाही. शिवाय संध्याकाळी मिळणार आहे, हेही त्याला ठाऊक असतं. म्हणजे रमजानमधून इतकंच कळतं, की सोबत असली तर माणूस बराच तग धरतो. उरलेले अकरा महिने ती सोबत आपण काढून घेतो आणि अपेक्षा मात्र तीच ठेवतो.

आपलं दुसरं हत्यार म्हणजे हराम-मकरूहचा वाद. तंबाखू अमेरिकेतून जगभर पसरली ती सोळाव्या शतकापासून. अकबराच्या दरबारात ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोहोचली, तीही आपल्या दख्खनमधल्या विजापूरहून, असद बेगच्या हातून. ही अनोळखी वस्तू बादशहाने ओढावी का, यावर तेव्हाच हकिमांनी हरकत घेतली होती. आज अनेक आलिम तिला हराम म्हणतात, काही मकरूह. आलिमांनी ही चर्चा जरूर करावी. पण घरात तिची छडी झाली, की ओढणारा सुधारत नाही, लपायला शिकतो. बडीशेप चघळतो, मिस्वाक करतो, अत्तर लावतो आणि मशिदीत मागच्या सफमध्ये उभा राहतो. लपवणारा माणूस मदत मागत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. खोकला महिनोन् महिने अंगावर काढला जातो आणि डॉक्टरकडे जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

मालेगाव-भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावांत हे जास्त बोचतं. रात्रपाळी, कापसाची धूळ, वारंवार चहा आणि त्यासोबत विडी. धूम्रपानाने क्षयरोगाचा धोका वाढतो, झालेला क्षयरोग जिवावर बेतण्याची शक्यताही वाढते. "विडीच तर आहे, पानाची" हा दिलासा खोटा आहे. विडीचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य नसतो.

केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत, धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक लोकांच्या मनात सोडण्याचा विचार होता. म्हणजे ज्याला आपण पटवायला निघालो आहोत, त्याला बरेचदा आधीच पटलेलं असतं. त्याला कारणं नको आहेत, वाट हवी आहे. ती वाट दाखवणं हे न ओढणाऱ्यांचं काम आहे, असं माझं मत आहे.

सुरुवात प्रश्नाने करावी. तीही जेवणाच्या दस्तरखानावर मुलांसमोर नव्हे, तर निवांत दोघंच असताना. "याआधी कधी सोडून पाहिली होती का? तेव्हा काय जड गेलं?" एवढं विचारावं आणि मग ऐकून घ्यावं. कुणी सकाळच्या पोट साफ होण्याच्या चिंतेबद्दल सांगेल, कुणी कामावरच्या ताणाबद्दल. ते ऐकल्याशिवाय दिलेला सल्ला वाया जातो. आपल्याकडे मुलाने अब्बांना बोलणं अवघड असतं, धाकट्या भावाने भाईजानना बोलणं त्याहून अवघड. अशा वेळी त्यांच्या बरोबरीच्या मित्राला किंवा मामूंना मध्ये घ्यावं. लहान पोरीच्या तोंडून "अब्बू, तुम्ही मराल" असं वदवून घेऊ नये. बापाला लाज वाटते आणि पोरीच्या मनात भीती घर करते.

पुढची पायरी मदतीपर्यंत पोहोचवण्याची. २०१६ मध्ये राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन सुरू झाली. नंबर १८००-११-२३५६, फोन मोफत. १ सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवरच छापला जातो. दिवसातून वीस वेळा पाकीट हातात घेणाऱ्याची नजरही त्यावरून घसरते. "फोन कर" म्हणून आपण मोकळे होऊ नये. शेजारी बसावं, नंबर लावून द्यावा आणि त्याला बोलू द्यावं. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात पहिल्यांदा सोबत जावं. निकोटिनचा च्युइंगम, त्वचेवर लावायची पट्टी, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या असे उपाय आहेत, हे अनेकांना माहीतच नसतं. सवयीवर औषध घेणं म्हणजे इमान कमजोर असणं, असंही काहींना वाटतं. तापाला गोळी घेताना आपण असा विचार करत नाही, मग इथे का करावा?

घरालाही काही बदल करावे लागतील. घरात कुणीच ओढायचं नाही, पाहुण्यांनीही नाही. शादीच्या मांडवात सिगारेटची पाकिटं फिरवणं बंद. पोराला "जा, एक पाकीट घेऊन ये" म्हणून पाठवणं तर आजच थांबवावं. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, हे दुकानदाराइतकंच आपणही लक्षात ठेवावं. मित्रांनी चहाची जागा बदलावी. टपरीवर उभं राहून "तू ओढू नकोस हं" म्हणण्यात काही अर्थ नाही.

सोडल्यानंतरचे पहिले आठवडे घरालाही अवघड जातात. चिडचिड होते, झोप उडते, लक्ष लागत नाही. हा निकोटिन सुटल्याचा परिणाम आहे, तुमच्यावरचा राग नव्हे. तलफ जोरात येते, पण बहुधा काही मिनिटांत ओसरते. ती काही मिनिटं कुणीतरी सोबत असावं. पाणी द्यावं, दोन पावलं चालावं, इकडचं तिकडचं बोलावं. आणि मध्येच एखादी ओढली गेली, तर "बघितलंस, जमणार नव्हतंच" हे वाक्य गिळून टाकावं. अनेकांची पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. घसरल्यावर काय झालं ते विचारावं आणि पुन्हा तारीख ठरवावी.

बायकांचं काय, असं कुणी विचारेल. धूर दिसतो, मिश्री दिसत नाही. सकाळी दातांना मिश्री लावणाऱ्या अम्मी-खालांनाही हाच नंबर उपयोगी आहे. त्यांनाही टोमण्याऐवजी हीच विचारपूस हवी.

मशिदींच्या जबाबदार मंडळींना माझी एक विनंती आहे. नमाजच्या वेळांच्या फलकाशेजारी हा नंबर मोठ्या अक्षरांत लावा. शाबानच्या एखाद्या जुम्याला इमामसाहेबांनी दोनच वाक्यं बोलावीत: ज्यांना सोडायची आहे त्यांनी या महिन्यातच डॉक्टरांना भेटावं, आणि बाकीच्यांनी त्यांच्यासोबत जावं. रोज्यात च्युइंगम चालत नाही, म्हणून कोणतं औषध इफ्तारनंतर घ्यायचं हे आधी ठरलेलं बरं. शंका असेल तर डॉक्टर आणि आलिम दोघांनाही विचारावं.

आणि ईदचा दिवस विसरू नका. महिनाभर जपलेलं बरेचदा त्याच संध्याकाळी सुटतं. शीरखुर्मा होतो, गळाभेटी होतात, जुने दोस्त जमतात आणि कुणीतरी पाकीट पुढे करतं. ज्याने रमजानभर सांभाळलं, त्याला त्या संध्याकाळी एकटं सोडू नका.