विश्लेषण : गाजर गवत खाणारा भुंगा फुकट राबतो, मग अडतं कुठे?

पाऊस सुरू झाला की रस्त्याच्या कडेला, पडीक रानात आणि गायरानात गाजर गवत माजतं. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टदरम्यान देशभर त्याच्याविरोधात जनजागृती सप्ताह होतो. लोक गवत उपटतात, फवारणी होते, फोटो निघतात. पुढच्या पावसात गवत पुन्हा तिथेच उगवतं. त्याला खाणारा किडा मात्र चाळीस वर्षांपासून आपल्याकडे आहे. मग घोडं कुठे अडलंय?

नुकसान किती मोठं?

मूळ मेक्सिकोकडच्या या तणाची नोंद १९५५ मध्ये पुण्यात झाली. आज देशात सुमारे ३.५ कोटी हेक्टरवर ते पसरल्याचा अंदाज जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने दिला आहे. गुरं ते सहसा खात नाहीत आणि खाल्लं तर दुधाला कडवट चव येते. माणसांना अंगावर खाज, पुरळ आणि दम्याचा त्रास होतो. सगळ्यात मोठा फटका माळरानांना बसतो, कारण हे तण चाऱ्याचं गवत मागे सारतं.

फवारणी का परवडत नाही?

शेतातल्या फवारणीचा खर्च पिकातून निघू शकतो. गायरानाचं तसं नाही. तिथलं एकरी उत्पन्न तुटपुंजं आणि जमीन सगळ्यांची, म्हणून खर्चाला कोणी पुढे येत नाही. एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्यामुळे एकदा फवारून भागत नाही. क्षेत्र दुप्पट झालं की खर्चही दुप्पट.

भुंग्याचं गणित वेगळं कसं?

झायगोग्रामा ऊर्फ मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये भारतात आणला गेला आणि १९८४ मध्ये बंगळूरूत सोडला गेला. त्याच्या अळ्या आणि प्रौढ भुंगे दोघंही गाजर गवताची पानं फस्त करतात. इथे मोठा खर्च सुरुवातीलाच होतो: किडा शोधणं, इतर पिकांवर चाचण्या घेणं, पैदास करणं. एकदा तो रुजला की स्वतःच पसरतो. शंभर हेक्टर असो वा लाख, मूळ संशोधनाचा खर्च तोच राहतो.

ऑस्ट्रेलियात काय झालं?

क्वीन्सलँडमध्ये हे तण सुमारे १.७ कोटी हेक्टर कुरणांत शिरलं होतं. १९९४ च्या एका अभ्यासानुसार तिथल्या गोमांस उद्योगाचं वर्षाला १.६५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं नुकसान होत होतं. तिथे एका भुंग्यावर न थांबता अनेक प्रकारचे कीटक आणि तांबेरा रोगाच्या बुरशा सोडण्यात आल्या. देशातल्या सर्व तणांच्या जैविक नियंत्रणाचा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला, तेव्हा गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी सुमारे २३ डॉलरचा फायदा दिसला. यातल्या काही मोहिमा फसल्याही होत्या. यशस्वी मोहिमांनी त्यांचा खर्च भरून काढला.

मग आपल्याकडे अडचण काय?

पहिली अडचण हंगामाची. भुंगा मुख्यतः पावसाळ्यात काम करतो आणि थंडीत जमिनीत दडून बसतो. ओलिताच्या जागी गाजर गवत मात्र वर्षभर उगवतं.

दुसरी सुरक्षिततेची. सोडलेला किडा परत बोलावता येत नाही. भुंगे सूर्यफुलावर दिसल्याने वाद झाला, केंद्राने समिती नेमली आणि ते सोडण्याचं काम काही वर्षं रखडलं. पुढे तो सूर्यफुलाची कीड नसल्याचा निष्कर्ष निघाला. ऑस्ट्रेलियात उपयोगी ठरलेला खोडात गाठी करणारा एक पतंग भारतातही आणला होता. चाचणीत तो कारळ्यावर, म्हणजे खुरासणीवर वाढतो असं दिसलं आणि तो नाकारला गेला. तो निर्णय योग्यच होता, कारण कारळं हे डोंगराळ भागातल्या अनेक आदिवासी शेतकऱ्यांचं तेलबियांचं पीक आहे. अशा चाचण्यांवरचा पैसा वाया जात नाही, मोठं नुकसान टळतं.

तिसरी अडचण बाजाराची. तणनाशक दरवर्षी विकता येतं. भुंगा एकदा सोडला की शेजारच्या गावात फुकट जातो. जे विकून पैसे मिळत नाहीत, त्यात कंपनी पैसे घालत नाही. म्हणून हा खर्च सरकारनेच करायला हवा.

पुढे काय करता येईल?

पावसाच्या सुरुवातीला गायरानात भुंगे सोडणं, तिथे कीटकनाशक न मारणं आणि गाजर गवताला दाबणारा टाकळा वाढवणं हे ग्रामपंचायतीला जमण्यासारखं आहे. पावसाळ्याबाहेर काम करणाऱ्या किडीचा किंवा बुरशीचा शोध मात्र गावाच्या आवाक्यातला नाही. त्याला दहा-पंधरा वर्षं सलग निधी लागतो, एका सप्ताहाचा नाही.