मोटारीची नाडीपरीक्षा

पनवेलच्या माणसाने मोटारीचा हीटर नीट तापत नाही अशी तक्रार केली, तर ऐकणाऱ्याला हसू येणारच. जिथे वर्षातले बरेच महिने पंख्यावाचून झोप येत नाही, तिथे गाडीत शेकोटी हवी कुणाला? गॅरेजवालाही हेच म्हणतो, "साहेब, इथे हीटर कोण लावतो? राहू द्या की!" आणि गाडी तशीच परत येते. पण हसण्यावारी नेलेली ही तक्रार पुढे बोरघाटात फार महाग पडू शकते. दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब घाटावर निघण्यापूर्वी तिच्याकडे लक्ष द्यायला हवे, ते यासाठी.

हीटर म्हणजे विजेची शेगडी नव्हे. इंजिनाला प्रमाणात थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती पाणी, म्हणजे कूलंट, खेळत असते. त्यातले थोडे गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून डॅशबोर्डमागच्या एका चिमुकल्या रेडिएटरात जाऊन परत येते. पंखा त्यावरून हवा फुंकतो आणि तीच ऊब आपल्यापर्यंत पोचते. पुष्कळ गाड्यांत हा चिमुकला रेडिएटर बराच उंचावर असतो. त्यामुळे पाणी कमी झाले की पहिली हवा तिथेच शिरते. हीटर गार पडणे ही अशा वेळी इंजिनाच्या आजाराची पहिली वर्दी असते. आपल्याकडे हीटर कुणी लावतच नाही, म्हणून ती वर्दी कुणाच्या कानावर पडत नाही.

डिझेल पिकअपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिझेल इंजिन काटकसरी. ते उष्णता कमी वाया घालवते आणि नुसते उभे राहून सुरू ठेवले तर तापायला फार वेळ घेते. तेव्हा दारात गाडी सुरू करून पाच मिनिटांत निदान करू नये. पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवावी, मग हीटर लावून पाहावा.

तपासणीचा क्रम असा. इंजिन पूर्ण गार असताना सकाळी कूलंटची पातळी पाहावी. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आत पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंड-हात भाजतात. पातळी ठीक असेल तर गाडी चालवून उष्णतेचा काटा पाहावा. इतके चालवूनही तो खालीच रेंगाळत असेल, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. पाणी पुरेसे तापेपर्यंत, साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत, रेडिएटरची वाट अडवून धरणारी ही छोटीशी झडप. ती उघडीच अडकली तर इंजिन तापत नाही. कित्येकदा ती मुळात जागेवरच नसते! "गरम मुलखात कशाला हवी," म्हणून कुणीतरी काढून टाकलेली असते. अशा गाडीचे इंजिन कायम अर्धवट गार चालते, डिझेल जास्त पिते आणि लवकर झिजते.

काटा मधोमध येऊनही वारा कोमटच असेल, तर इंजिन बंद करून, पंखा थांबल्याची खात्री झाल्यावर, केबिनकडे जाणाऱ्या त्या दोन नळ्या जपून चाचपाव्यात. वैद्य नाडी पाहतो तसेच हे काम. दोन्ही नळ्या चांगल्या गरम असतील तर पाणी नीट फिरते आहे. दोष पंख्यात किंवा गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेत. एक गरम आणि दुसरी गार असेल, तर आतला रेडिएटर गाळाने तुंबला आहे किंवा त्याची तोटी उघडत नाही. बोअरिंगचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतल्याचे हे फळ. दोन्ही कोमट असतील, तर आत हवा अडकली आहे किंवा पाण्याचा पंप थकला आहे. ड्रायव्हरशेजारच्या आसनापुढची चटई ओली, गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ दिसली, तर आतला रेडिएटरच गळतो आहे. आणि बाहेर गळती नसताना पाणी पुन्हापुन्हा कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे. तिथे चालढकल नको.

आता बोरघाटाची गोष्ट. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत या घाटातून गाडीरस्ता खुला झाला, आणि मुंबईहून जलमार्गाने पनवेलला उतरलेला माल बैलगाड्यांनी पुण्याकडे चढू लागला. बैलाच्या तोंडाला फेस आला की गाडीवानाला कळे. इंजिनाला असा फेस येत नाही. त्याचा काटाच पाहावा लागतो, आणि पाणी फार आटले तर तोही फसवतो. २००२ पासून द्रुतगती मार्ग पूर्ण खुला आहे, पण चढ काही सपाट झालेला नाही. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत भरलेली पिकअप पाचशे मीटरहून अधिक चढते. त्या चढावर काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पुरता उघडावा. तो चिमुकला रेडिएटर इंजिनाची थोडी उष्णता बाहेर टाकतो आणि सुरक्षित जागी थांबण्यापुरता अवधी मिळतो. पण हे त्याचे पाणी वाहते असेल तरच! नाहीतर हेड वाकते. हप्त्यावर घेतलेल्या पिकअपमधून भाजी किंवा मासळी नेणाऱ्याची त्या दिवसाची कमाई तर जातेच, पुढच्या कित्येक दिवसांची दुरुस्तीत जाते.

पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात काच आतून धुरकटते, तेव्हाही एसीबरोबर थोडी ऊब सोडली की ती लवकर स्वच्छ होते. आपल्या घरच्या मोटारीलाही हे सारे तसेच लागू आहे.

कूलंट कंपनीने सांगितलेलेच घालावे, पातळ करायचे तर डिस्टिल्ड पाण्याने. आणि त्याचा डबा मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये, कारण ते चवीला गोड पण विषारी असते. गॅरेजात गेल्यावर मात्र नुसते "हीटर चालत नाही" असे सांगू नका. "काटा मधोमध आहे, पण एक नळी गरम आणि एक गार लागते," असे सांगा. मग गॅरेजवाला हसणार नाही, बॉनेट उघडील.