जागा राखीव आहे, मत नाही

गेल्या महिन्यात डहाणूला एका घरी चहाला बसलो होतो. विधानसभेचा विषय निघाला. घरातल्या खाला तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आपला माणूस इथं उभाच राहू शकत नाही. मग मी कशाला रांगेत उभी राहू? गेल्या वेळच्या मशीनच्या घोळात पाय सुजले होते माझे."

खाला म्हणाल्या ते डहाणूत आणि तलासरीतही अनेक घरांत ऐकू येते. म्हणून या वेळचे पान त्यांच्यासाठी.

पाय सुजल्याचे आधी. ती २८ मे २०१८ ची लोकसभेची पोटनिवडणूक. रमजान चालू, वर मे महिन्याचे ऊन, आणि त्यात कितीतरी केंद्रांवर यंत्रे बंद पडली. रोजा धरून रांगेत थांबलेल्यांचे हाल झाले हे खरेच. पण २०२४ च्या विधानसभेला, बुधवारी २० नोव्हेंबरला, ना रोजा होता ना ते ऊन. सकाळी सातला मतदान सुरू झाले. उशिरा पोहोचलात तरी सहा वाजता जो रांगेत असेल त्याला मत देता येते.

आता दुसरे गाऱ्हाणे. डहाणू मतदारसंघ, म्हणजे तलासरी तालुका आणि डहाणू तालुक्याचा काही भाग, अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यात आम्हाला काही वावगे वाटत नाही. २३ मे १९४५ रोजी याच तलासरीच्या झरी गावात पाच हजार आदिवासी जमले आणि यापुढे वेठबिगार करणार नाही असे त्यांनी ठरवले. गोदावरी परुळेकरांनी ती हकीकत लिहून ठेवली आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको जन्मभर सावकाराच्या दारी राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. त्या काळी मताचा हक्क शिक्षण आणि मालमत्ता पाहून मिळे, म्हणजे त्या पाच हजारांतल्या बहुतेकांना तो नव्हताच. ज्यांनी इतके सोसले त्यांच्यातला माणूस या भागातून विधानसभेत जावा, यात आपले काय गेले?

आणि राखीव असते ती उमेदवारी. मत देणारा कोणीही असो, त्याचे मत एकच मोजले जाते. निवडून आलेला आमदार तुमच्या मोहल्ल्याचाही आमदार असतो. वाढवणच्या बंदराचेच घ्या. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला भूमिपूजनही झाले. मासेमारीवर पोट असलेली घरे धास्तावली आहेत, तर पोराला नोकरी लागेल म्हणून काही घरे वाट पाहत आहेत. कोणाचे बरोबर ते आम्ही इथे सांगणार नाही. पण या भागाच्या वतीने विधानसभेत बोलणार कोण, हे मतदानाच्या दिवशीच ठरते, आणि तुम्ही घरी बसलात तरी ते ठरायचे थांबत नाही.

आपण मूठभर, आपल्याने काय होणार, असेही कोणी म्हणेल. २०१९ मध्ये इथे विजयी उमेदवाराला ७२,११४ मते होती, दुसऱ्याला ६७,४०७. फरक ४,७०७ चा. एवढी माणसे तर चार-पाच गावांतून निघतात.

आम्हाला खरी काळजी आहे ती घरातल्या बायकांच्या नावांची. पुरुषाचे नाव बहुधा जागेवर असते. सून मात्र तीन वर्षांपूर्वी आलेली, तिचे नाव अजून माहेरच्या यादीत. माहेर तालुक्यात किंवा जिल्ह्यात असेल तर त्या दिवशी तिला तिकडे पाठवा, वाटल्यास सासूने सोबत जावे. माहेर सीमेपलीकडे उंबरगाव-वापीकडचे असेल तर या खेपेला इलाज नाही, पण निवडणूक संपताच नाव इकडे आणण्याचा अर्ज भरा. फातिमाचे फातमा किंवा शेखचे शेक छापले म्हणून घाबरू नका. ओळख पटली तर असल्या चुकीसाठी परत पाठवत नाहीत. नकाब असलेल्या बहिणींची ओळख महिला कर्मचाऱ्यांकडून पटवून घेता येते, तसे नम्रपणे सांगा. आणि भाईलोक, कोणते बटण दाबायचे हे बायकोला घरून शिकवून पाठवू नका. उलेमांनी मताला गवाही म्हटले आहे. गवाही ज्याची त्याने द्यायची असते.

मतदार कार्ड सापडत नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, फोटो असलेले बँकेचे पासबुक किंवा रोजगार हमीचे जॉब कार्ड चालते. रेशन कार्ड चालत नाही, नुसती मतदार चिठ्ठीही नाही. दर वेळी कोणीतरी रेशन कार्ड पिशवीत घालून येतो आणि हात हलवत परत जातो. मोबाइल घरी ठेवा. कामावर जाणाऱ्यांना त्या दिवशी कायद्याने पगारी सुट्टी आहे, रोजंदारीवालाही त्यात येतो. मालकाला दोन दिवस आधी सांगून ठेवा. तुमच्या नावावर दुसराच कोणी मत देऊन गेला असेल तर भांडत बसू नका, केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. तो तुमचा हक्क आहे.

रात्री नोट हातात ठेवून कसम घालणारेही येतील. नोट घेऊच नका, म्हणजे कसमेचा प्रश्नच उरत नाही.

त्या दिवशी उठण्याआधी आम्ही मोबाइलवर खालांचे नाव शोधले. सापडले. आडनावाला एक काना जास्त, वय बरोबर. केंद्र घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत. खालांनी सूप खाली ठेवले, चष्मा लावून स्वतःचे नाव दोनदा वाचले आणि सुनेला हाक मारली, "अगं, तुझंही बघून घे. जोहरच्या आधी दोघी जाऊन येऊ."