पाणी आधी कुणाच्या घरात शिरतं?



परवा आपलाच एक कार्यकर्ता म्हणाला, "हे हवामानबिवामान सोड. ते गॅलरीत कुंड्या लावणाऱ्यांचं काम. आपल्याला काय लढाया कमी आहेत?" त्याला तिथं काही बोललो नाही. उत्तर इथं देतो.

पाऊस जात विचारून पडत नाही, कबूल. पण पडलेलं पाणी उताराला जातं. उताराला कोण राहतं? नाल्याच्या काठाला, डोंगराच्या पायथ्याला, डम्पिंगच्या कडेला जागा कुणाला मिळाली? गावात आपला वाडा गावकुसाबाहेर होता, शहरात तो नाल्याकाठी आला. एवढाच काय तो बदल.

धूर कुणी केला? आपल्या पत्र्याखाली ना एसी, ना दारात मोटार. कोळसा-तेल जाळून हवा तापवली दुसऱ्यांनी. तापलेली हवा जास्त वाफ धरते आणि मग चार तासांत महिन्याचं पाणी ओतते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाची, तीही ओहोटी असेल तर! क्षमता दुप्पट करा, असं ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालीच सांगून बसला होता. बारा वर्षांनी पूर आला तेव्हा बरंचसं काम कागदावरच होतं.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेनं हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत शहर निव्वळ शून्य उत्सर्जनाचं करायचं म्हणतात. करा. पण आमच्या गल्लीत पाणी कुठवर चढतं, ते आम्हीच लिहिणार.

तर गट काढा. एका गल्लीतली पाच माणसं पुरे. त्यात दोन तरी बाया हव्यात, एक झाडूखात्यातला हवा. गटार कुठं तुंबतं ते इंजिनियरच्या आधी त्याला कळतं. रोप लावून फोटो काढू नका. आधी एक वही घ्या. तारीख, वेळ, पाणी घोट्याला की गुडघ्याला, किती तास राहिलं, कुणाचा रोज बुडाला, सगळं लिहा. भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारा. उन्हाळ्यात पत्र्याखाली थर्मामीटर टांगा. गोदीत दुपारी लोखंडाला हात लावला की चटका बसतो. रात्री घरी पत्रा तीच आग परत देतो. तेही लिहा. जमेल तिथं पत्र्यावर चुना मारा, आत फरक पडतो.

एप्रिलमध्ये माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या नाल्याचा गाळ कधी काढला, किती काढला, कुठं टाकला? मग वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जा. मागणी एकच ठेवा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पावसाआधी यादी करा. म्हातारी, पोटुशी, अंथरुणावरचं माणूस कुठल्या खोलीत आहे, कोण कुणाला उचलणार. रेशनकार्ड आणि जातीचा दाखला प्लास्टिकमध्ये बांधून माळ्यावर टाका. हसू नका. दाखल्याचा लगदा झाला की पोराची अॅडमिशन अडते. एका रात्रीच्या पाण्यात बापाची सगळी धावपळ वाहून जाते.

आता गट कसा मरतो ते सांगतो. अध्यक्ष कोण, यावरून मरतो. बॅनरवर नेत्याचा फोटो लागला की मरतो. बाहेरून पैसा आला, हिशोब लपला, की मरतोच. म्हणून अध्यक्ष नको. वही दर महिन्याला दुसऱ्याच्या हाती. वर्गणी दहा रुपये, हिशोब सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. बैठक नळाच्या वेळेला ठेवू नका, बाया येणार नाहीत; आणि बाया नसतील तर पाण्याबद्दल तुम्हाला काय डोंबल कळणार?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हा पाणी आपल्याला नाकारलं होतं. आज तेच पाणी, घाण होऊन, न विचारता आपल्या चुलीपर्यंत येतंय. दोन्ही वेळेला ठरवणारे दुसरेच.

म्हणून हे काम आपलं आहे. वही आजच घ्या. पहिल्या पानावर गल्लीचं नाव लिहा.

जय भीम.